जुन्या गाडीसाठी कूलंटची निवड : तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे एक प्रकरण

ज्या गाडीविषयी हे टिपण आहे, ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. इंजिनचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि रेडिएटर व हीटरची जाळी तांब्या-पितळेची असून ती सोल्डरने जोडलेली आहे. त्या काळातील अनेक गाड्यांची रचना अशीच असे. गाडीमालकांनी ती आधीच्या मालकाकडून जशी होती तशी घेतली होती आणि तिचा वापर अगदी कमी, आठवड्यातून एखाद्या फेरीपुरता होता. त्यांच्या तक्रारी दोन होत्या : रेडिएटरमधील द्रव तपकिरी झाला होता आणि त्याची पातळी हळूहळू खाली जात होती. इंजिन मात्र एकदाही तापून बंद पडलेले नव्हते, त्यामुळे विचार करायला आणि तपासायला पुरेसा अवकाश होता.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा हा द्रव, बदलायचे हे त्यांनी ठरवलेच होते. कोणते घ्यावे याविषयी मात्र त्यांना तीन निरनिराळे सल्ले मिळाले होते. एकाने पाच वर्षे टिकणारे आणि सर्व गाड्यांना चालणारे म्हणून विकले जाणारे केशरी कूलंट सुचवले होते. दुसऱ्याने जुन्या गाडीला हिरवेच लागते, तेव्हा रंग पाहून घ्यावे, असे सांगितले होते. तिसऱ्याचे म्हणणे असे की, जेथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही तेथे साधे पाणी पुरते. तिन्ही सल्ल्यांत थोडे थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ते दिशाभूल करू शकतात. माझ्या मते ही निवड तीन गोष्टींवरून करावी लागते : यंत्रणेत कोणते धातू आहेत, ते एकमेकांना कशाने जोडले आहेत आणि आजवर त्यांमधून काय वाहिले आहे. बाटलीतील द्रवाचा रंग आणि बाटलीवर छापलेले आयुष्य यांचा विचार त्यानंतर यावा.

साध्या पाण्याचा पर्याय लवकर निकालात निघतो. उष्णता वाहून नेण्यात पाणी हे ग्लायकॉलच्या (कूलंटमधील मूळ द्रवाच्या) मिश्रणापेक्षा सरस आहे, हे खरे आहे. परंतु ते शून्य अंशाला गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते. एवढे प्रसरण बिडाचा ब्लॉक तडकवण्यास पुरेसे असते. थंडीचा प्रश्न अजिबात नसला तरीही बीड, अ‍ॅल्युमिनियम, तांबे आणि सोल्डर हे सारे एकाच गरम पाण्याच्या संपर्कात असले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि गंजरोधक नसेल तर ती धातू खातच राहते. गंजरोधक घातलेले इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी समप्रमाणात असलेले मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही, आणि रेडिएटरवर साधारण १ बार दाबाचे झाकण असेल तर ते जवळपास १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे गोठण्यापासून, उकळण्यापासून आणि गंजण्यापासून असे तिहेरी संरक्षण त्यातून मिळते, आणि गरम हवामानातील गाडीलाही त्यांपैकी दोहोंची गरज असते.

तपासणीत काय आढळले

इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढले. त्याच्या आतील बाजूस तपकिरी, बुळबुळीत थर होता आणि द्रव बाटलीत काढून उजेडात धरल्यावर त्यात केशरी छटा स्पष्ट दिसत होती. गाडीसोबत आलेल्या जुन्या नोंदींत पारंपरिक हिरव्या कूलंटचा उल्लेख होता. याचा अर्थ पुढे कोणीतरी पातळी भरून काढताना वेगळ्या जातीचे कूलंट त्यात ओतले होते. अशा मिश्रणाचे परिणाम पूर्वीही अनुभवास आले आहेत. फोक्सवॅगनच्या जी ११ या निळसर-हिरव्या कूलंटमध्ये मूळ जी १२ हे लाल कूलंट मिसळले की तपकिरी गाळ तयार होत असे, आणि पुढे आलेल्या जी १२ प्लसमध्ये ही अडचण दूर करण्यात आली. प्रत्येक मिश्रणाचा असा गाळ होतोच असे नाही. मात्र दोन्हींचे गंजरोधक एकमेकांत पातळ झाले की त्या मिश्रणाचे आयुष्य किती उरले, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा वरच्या टाकीत होता. विजेरीच्या प्रकाशात रेडिएटरच्या नळ्यांची तोंडे दिसत होती आणि त्यांच्याभोवती पांढरट, भुसभुशीत थर साचला होता. शिसे आणि कथील यांचे सोल्डर झिजू लागले की त्याचे क्षार असेच जोडावर फुलून येतात. ते वाढत जाऊन नळ्यांची तोंडे अरुंद करतात आणि दुसरीकडे जोड कमकुवत होत जातो. दाब देऊन पाहिल्यावर खालच्या टाकीच्या जोडातून बारीक पाझर दिसला आणि पातळी कमी होण्याचे कारण उलगडले. हेड गॅस्केटविषयी (हेड आणि ब्लॉक यांच्यामधील सीलविषयी) शंका राहू नये म्हणून रेडिएटरमधील हवेत ज्वलनाचे वायू आहेत का, याचीही रासायनिक चाचणी केली. चाचणीच्या निळ्या द्रवाचा रंग पिवळा झाला नाही. इंजिन ऑइलमध्येही पाण्याचा अंश नव्हता.

रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे द्रवात प्रकाश किती वळतो यावरून त्यातील प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर, गोठणबिंदू सुमारे उणे १८ अंश दिसला, म्हणजे द्रवात ग्लायकॉल एक तृतीयांशच्या आसपास होते. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. रिफ्रॅक्टोमीटर किंवा तरंगत्या काट्याचे मापक केवळ ग्लायकॉलचे प्रमाण सांगते; गंजरोधक शिल्लक आहेत की संपले, याविषयी ते काहीही सांगत नाही. ग्लायकॉल वर्षानुवर्षे टिकते, गंजरोधक आधी संपतात, आणि म्हणून गोठणबिंदू उत्तम दाखवणारे कूलंटही आतून धातू खात असू शकते. तापमान आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे ग्लायकॉलचेच हळूहळू आम्लांत रूपांतर होते. ती आम्ले शमवण्याचे काम गंजरोधकांच्या संचातील क्षारकांकडे असते आणि ते संपले की पीएच (आम्लता दाखवणारा अंक; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) घसरतो. एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या डी ३३०६ या मानकानुसार नव्या कूलंटचा पीएच ७.५ ते ११ यांच्या दरम्यान असावा लागतो, आणि पारंपरिक कूलंट सहसा त्या पट्ट्याच्या वरच्या भागात असते. या गाडीतील द्रवाचा पीएच कागदी पट्टीवर ७ च्या जवळ आला. संरक्षण संपलेले होते, याविषयी यानंतर शंका उरली नाही.

आणखी एक बाब झाकणाची होती. गाडीच्या पुस्तिकेत ०.९ बारचे झाकण सांगितले होते, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त दाबाचे झाकण बसवलेले होते. दाब वाढवला की उत्कलनबिंदू वाढतो, म्हणून काहींना हा बदल फायद्याचा वाटतो. पण चार दशके जुन्या सोल्डरच्या जोडांवर तो वाढीव दाब प्रत्येक फेरीत पडत असतो. खालच्या जोडातील पाझराला या झाकणाचाही हातभार लागला असावा, असे मला वाटते.

गंजरोधकांच्या जाती

बहुतेक सर्व कूलंटमधील मूळ द्रव इथिलीन ग्लायकॉल हाच असतो. फरक असतो तो त्यात विरघळवलेल्या, वजनाने काही टक्केच असलेल्या गंजरोधकांत, आणि निवडीचा खरा प्रश्न तेवढ्याच भागापुरता असतो.

पारंपरिक जातीत सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट अशी असेंद्रिय लवणे असतात आणि तांब्या-पितळेसाठी टॉलिलट्रायझोलसारखे संयुग जोडीला असते. ही लवणे धातूच्या सगळ्या पृष्ठभागावर पटकन थर चढवतात. सिलिकेट विशेषतः अ‍ॅल्युमिनियमला फार लवकर झाकते, आणि वॉटर पंपाच्या पात्यांजवळ बुडबुडे फुटून थर निघाला तर तेथे तो पुन्हा तयार होतो. या तत्परतेची किंमत अशी की गंजरोधक सतत खर्च होत राहतात. म्हणून दर दोन वर्षांनी कूलंट बदलावे लागते, मग गाडी चालली असो वा नसो.

सेंद्रिय आम्लांच्या जातीत सेबॅसिक आम्ल, २-इथिलहेक्झॅनोइक आम्ल अशा कार्बोक्सिलिक आम्लांची लवणे असतात. ती सगळीकडे जाड थर चढवत नाहीत. जेथे गंजण्यास सुरुवात होते त्या जागी धातूशी जोडली जातात. त्यामुळे ती फार सावकाश खर्च होतात आणि पाच वर्षांचे किंवा सुमारे २,४०,००० किलोमीटरचे आयुष्य सांगता येते. जनरल मोटर्सने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आणलेले केशरी डेक्स-कूल हे या जातीचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर, प्लास्टिकच्या टाक्या आणि हवा आत शिरू न देणारी बंदिस्त यंत्रणा असलेल्या गाड्यांना ही जात चांगली मानवते.

तिसरी जात संकरित आहे. सेंद्रिय आम्लांना थोड्या सिलिकेटची जोड देऊन युरोपातील उत्पादकांनी एक शाखा वाढवली, तर जपानी उत्पादकांनी सिलिकेट टाळून फॉस्फेटची जोड दिली. यामागेही कारणे आहेत : युरोपातील जड पाण्यात फॉस्फेटमुळे चुन्याचे थर बसतात, तर जपानी उत्पादकांना सिलिकेटमुळे वॉटर पंपाच्या सीलची झीज होण्याची चिंता होती. रंगावर विसंबणे का चुकीचे आहे, हे या शाखांकडे पाहिल्यावर कळते. हिरवा रंग जुन्या पारंपरिक कूलंटलाही असतो आणि काही जपानी फॉस्फेटयुक्त कूलंटलाही असतो. लाल रंग एका उत्पादकाकडे एक जात दाखवतो आणि दुसऱ्याकडे दुसरीच. रंग हा नंतर मिसळलेला असतो आणि कोणत्या जातीला कोणता रंग द्यावा, याचे सर्वमान्य बंधन नाही. म्हणून बाटलीच्या मागील बाजूस लिहिलेली जात आणि मानक वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

निवड आणि तिची कारणे

केशरी, केवळ सेंद्रिय आम्लांचे कूलंट या गाडीसाठी मी नाकारले. ते वाईट असते म्हणून मी हा निर्णय घेतलेला नाही, आणि येथे न्यायाने बोलले पाहिजे. अशी अनेक कूलंट एएसटीएमची डी १३८४ ही चाचणी उत्तीर्ण होतात. या चाचणीत तांबे, सोल्डर, पितळ, पोलाद, बीड आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या पट्ट्या ८८ अंश तापमानाच्या द्रवात ३३६ तास हवा सोडत ठेवतात आणि नंतर प्रत्येकीचे घटलेले वजन मोजतात. डी ३३०६ प्रमाणे सोल्डरची घट ३० मिलिग्रॅमपेक्षा आणि तांब्याची १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. परंतु या पट्ट्या नव्या आणि स्वच्छ असतात, द्रव ताजा असतो आणि काळ दोन आठवड्यांचा असतो. आपल्यासमोरचा जोड अनेक वर्षे झिजलेला, क्षारांनी झाकलेला आणि आधीच पाझरणारा आहे. ज्या जोडावर गंज सुरू झालेलाच आहे, तेथे धातूवर झटपट थर चढवणारे संरक्षण मला अधिक भरवशाचे वाटते.

दुसरे कारण हवेचे आहे. या गाडीत बंदिस्त, दाबाखालची प्रसरण टाकी नाही. प्रसरण पावलेला द्रव नळीवाटे साध्या बाटलीत जातो आणि वरच्या टाकीत थोडी हवा राहते. कमी वापराच्या गाडीत द्रवाच्या पातळीवरचा धातू दिवसचे दिवस ओलसर हवेत असतो. सेंद्रिय आम्लांचे संरक्षण धातू द्रवात पूर्ण बुडालेला असताना उत्तम चालते. पातळी खाली गेलेल्या आणि हवा शिरलेल्या यंत्रणांमध्येच त्या जातीच्या तक्रारी प्रामुख्याने दिसल्या. तिसरे कारण रबराचे आणि गॅस्केटचे. २-इथिलहेक्झॅनोइक आम्ल काही प्रकारच्या सिलिकॉनला आणि प्लास्टिकला मऊ करते, आणि इतक्या जुन्या इंजिनात आजवर कोणत्या दुरुस्तीत कोणते सील बसले, याची पूर्ण यादी कोणाकडेच नसते.

आता राहिले दोन पर्याय : पारंपरिक आणि सिलिकेटयुक्त संकरित. दोन्ही या धातूंना चालतात आणि दोहोंतील निवड मी गाडीपेक्षा गाडीमालकांच्या सवयीवर सोपवली. दर दोन वर्षांनी न चुकता कूलंट बदलणार असाल तर पारंपरिक घ्या. ती शिस्त जमणार नसेल तर संकरित घ्या, असे मी त्यांना सांगितले. संपलेले पारंपरिक कूलंट हे कोणत्याही चालू कूलंटपेक्षा वाईट असते. त्यांनी दोन वर्षांची अट मान्य केली आणि सिलिकेट असलेले, डी ३३०६ मानक नमूद केलेले पारंपरिक कूलंट निवडले. हे करताना अवजड डिझेल इंजिनांसाठीचे नायट्राइटयुक्त कूलंट मात्र मुद्दाम टाळले. ते सिलिंडरच्या लायनरवर पडणाऱ्या खड्ड्यांना आळा घालण्यासाठी असते आणि येथे त्याचे काहीच काम नाही.

धुलाई, आणि प्रमाणाचा हिशोब

नवे कूलंट जुन्या गाळावर ओतणे म्हणजे त्याचे गंजरोधक पहिल्या काही दिवसांत वाया घालवणे होय. म्हणून आधी रेडिएटर उतरवून तो दुरुस्तीला दिला. खालच्या टाकीचा जोड नव्याने सोल्डर करून घेतला आणि नळ्यांमधून सळई फिरवून त्या मोकळ्या केल्या. तीव्र आम्लाने धुण्याचा सल्ला मी मानला नाही, कारण आम्ल क्षारांसोबत उरलेले सोल्डरही खाते. ब्लॉकच्या तळाचे, द्रव काढण्याचे बूच उघडले तेव्हा काहीच बाहेर आले नाही. आत गंजाचा चिखल घट्ट बसला होता. तारेने तो मोकळा केल्यावर लालसर पाणी आले. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून, हीटरची कळ पूर्ण उघडी ठेवून, पाणी प्रवाहाच्या उलट दिशेने सोडले आणि ते नितळ येईपर्यंत सोडत राहिलो. शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने केली, कारण साध्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे फॉस्फेट व सिलिकेट यांच्याशी संयोग पावून थर बनवतात आणि क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडते.

यापुढचा हिशोब अनेक जण विसरतात. या यंत्रणेची क्षमता ७ लिटर आहे. धुतल्यावर ब्लॉक आणि हीटर यांत सुमारे २ लिटर पाणी अडकून राहते असे धरा. बाजारात मिळणारे अर्धे-अर्धे तयार मिश्रण वापरले तर जेमतेम ५ लिटर मावेल, त्यात ग्लायकॉलचा भाग २.५ लिटर असेल आणि ७ लिटरमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ३६ टक्केच होईल. गंजरोधकही त्याच प्रमाणात विरळ होतील. म्हणून धुलाईनंतर पहिल्या वेळी तयार मिश्रणाऐवजी मूळ संहत कूलंट घ्यावे, एकूण क्षमतेच्या निम्मे म्हणजे ३.५ लिटर आधी ओतावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. जास्त घातले तर अधिक चांगले, असेही नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, शिवाय ते दाट असल्यामुळे उष्णता कमी वाहून नेते. ६० टक्क्यांच्या पुढे जाण्यात फायदा नाही. या गाडीत भरल्यानंतर इंजिन तापवून, हवा काढून, थंड झाल्यावर मोजले तेव्हा गोठणबिंदू उणे ३६ च्या जवळ आला. झाकण पुस्तिकेत सांगितलेल्या दाबाचे बसवले आणि थर्मोस्टॅट नवा घातला.

काढलेला द्रव बंद डब्यात भरून वापरलेले तेल व रसायने स्वीकारणाऱ्या केंद्रात दिला. याबाबत हयगय अजिबात होऊ नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, त्यामुळे मुले आणि मांजरे-कुत्री ते पिण्याचा धोका असतो, आणि शरीरात गेल्यावर त्यापासून तयार होणारी आम्ले मूत्रपिंडे निकामी करतात. अगदी थोडे सांडले तरी पाणी ओतून ते पूर्ण पुसून घ्यावे, आणि कोणी ते प्यायल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता तत्काळ उपचार घ्यावेत.

पुढील निरीक्षण

पहिल्या काही आठवड्यांत पातळी किंचित खाली आली. अडकलेली हवा बाहेर पडताना तसे होते. त्यानंतर ती स्थिर राहिली आणि दुरुस्त केलेला जोड कोरडा आहे. द्रवाला मात्र काही महिन्यांत हलकी तपकिरी झाक आली. कितीही धुतले तरी बिडाच्या ब्लॉकच्या कोपऱ्यांत गंज उरतोच आणि नवे कूलंट तो सैल करते. पीएच अजून चांगला होता, तरीही हे पहिले कूलंट दोन वर्षे न ठेवता वर्षभरात बदलावे आणि त्यानंतर दोन वर्षांचा क्रम सुरू करावा, असे आम्ही ठरवले. इंजिनाजवळ एक पट्टी लावली असून तिच्यावर कूलंटची जात, प्रमाण, भरल्याचा महिना आणि पुढील बदलाचा महिना लिहिला आहे. त्याच कूलंटचे डिस्टिल्ड पाण्यात केलेले अर्धे-अर्धे मिश्रण एका बाटलीत, ठळक चिठ्ठी लावून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवले आहे; पातळी भरायची वेळ आली तर हाताशी येईल ते ओतले जाऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

हा निर्णय आजच्या रेडिएटरपुरता आहे. पुढे कधी तो बदलून अ‍ॅल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर बसवला आणि हीटरची जाळीही तशीच आली, तर सोल्डरचा मुद्दा उरणार नाही. तेव्हा यंत्रणा पुन्हा धुऊन, गॅस्केट आणि सील यांची सामग्री तपासून, सिलिकेटयुक्त संकरित कूलंटकडे वळणे योग्य ठरेल, आणि पट्टीवरची जात व महिनेही त्याच दिवशी बदलावे लागतील.